स्वतः चालणारी गाडी घेताय? आधी मॅन्युअल मागा

टेस्ट ड्राइव्हला हायवेला लागलं की सेल्समन एक बटण दाबतो, स्टीअरिंगवरचे हात काढतो आणि काही न बोलता तुमच्याकडे बघतो. गाडी लेनच्या मधोमध चाललेली असते, पुढची गाडी हळू झाली की आपोआप हळू होते. मागच्या सीटवरून "अरे वा!" ऐकू येतं. गाडीच्या किमतीवर आणखी एक भलीमोठी रक्कम मोजायला माणूस तयार होतो तो याच क्षणी. हा लेख त्या "अरे वा" आणि तुमची सही यांच्या मधल्या वेळात वाचायचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रस्ता कुठलाही असो, हवा कशीही असो, तुम्ही मागे निवांत झोपा, अशी हमी देणारी गाडी आज सामान्य ग्राहकाला जगात कुठेही विकत मिळत नाही. मिळतात त्या चालकाला मदत करणाऱ्या गाड्या. ही मदत कामाची असते. लांबच्या प्रवासात तिने पायाला आणि डोक्याला जो आराम मिळतो तो मी नाकारणार नाही. पण मदतनीस घेताना आपण चालकच घेतोय असं समजून पैसे मोजले, आणि त्याहून वाईट म्हणजे तसं समजून गाडी रस्त्यावर आणली, की गाडं बिघडतं.

पायरी १: नाव सोडा, जबाबदारी विचारा

या सुविधांना कंपन्यांनी दिलेली नावं बघा. ऑटोपायलट, प्रोपायलट, पायलट असिस्ट, ड्राइव्ह पायलट, सुपर क्रूझ, ब्लूक्रूझ. यातल्या मर्सिडीझच्या ड्राइव्ह पायलटमध्ये, अटी जुळत असतील तेव्हा, रस्त्यावरची नजर काढायची मुभा मिळते. टेस्लाच्या ऑटोपायलटमध्ये किंवा निस्सानच्या प्रोपायलटमध्ये ती एक क्षणही नाही. नावावरून हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून "ही गाडी स्वतः चालते का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हसतमुखाने "हो" असंच येतं. विचारा, "ही यंत्रणा चालू असताना गाडी कुठे धडकली, तर गाडी कोण चालवत होतं असं धरलं जाईल?"

उत्तर "तुम्ही" असेल तर गाडी पातळी २ ची आहे, बाकी वर्णन काहीही असो. या पातळ्या एसएई इंटरनॅशनल या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये जे३०१६ या मानकात मांडल्या. शून्यात फक्त इशारे आणि आणीबाणीत लागणारा ब्रेक. एकमध्ये वेग किंवा स्टीअरिंग, दोहोंपैकी एकच गाडी सांभाळते. दोनमध्ये दोन्ही सांभाळते, पण सतत लक्ष ठेवायचं तुम्ही. तीनमध्ये ठरलेल्या परिस्थितीत लक्षही गाडीच ठेवते, मात्र तिने बोलावलं की तुम्ही ताबा घ्यायचा. चारमध्ये ठरलेल्या हद्दीत ती तुम्हाला बोलावतही नाही. पाच म्हणजे कुठेही, केव्हाही. ही पाचवी पातळी अजून कागदावरच आहे.

यातली खरी भिंत दोन आणि तीन यांच्यामध्ये आहे. माहितीपत्रकात "लेव्हल २ प्लस" किंवा "२ प्लस प्लस" असं दिसलं तर गोंधळू नका, मानकात असं काही नाही. प्लस कितीही लावले तरी जबाबदारी तुमचीच.

नवख्या माणसाची आणखी एक चूक होते. तो पातळी म्हणजे परीक्षेतले मार्क समजतो. टेस्लाची 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' शहरात सिग्नल बघते, चौकात वळते, लेन बदलते. तरी ती पातळी २ च आहे. उलट २०२२ मध्ये जर्मनीत विक्रीला आलेली मर्सिडीझची ड्राइव्ह पायलट फक्त ऑटोबानवर म्हणजे तिथल्या महामार्गावर, ताशी ६० किलोमीटरपर्यंत, दिवसाउजेडी, चांगल्या हवेत आणि पुढे दुसरी गाडी असेल तरच चालायची. करामत कितीतरी कमी, तरी पातळी ३. कारण तेवढ्या चौकटीत यंत्रणेच्या दोषाने काही झालं तर जबाबदारी आपली, असं कंपनीने जाहीरपणे म्हटलं. गाडी काय करून दाखवते यापेक्षा कंपनी कशाची हमी घेते, यावरून तिला आपल्या यंत्रणेवर किती भरवसा आहे ते कळतं.

पायरी २: पैसे भरायच्या आधी मॅन्युअल वाचा

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण या धंद्याला चपखल बसते. स्टेजवर बोलणारा माणूस आणि मॅन्युअल लिहिणारा माणूस एकाच कंपनीचे असतात, पण ते दोन वेगळ्या गाड्यांबद्दल बोलताहेत असं वाटावं इतका फरक असतो. मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या मागे वकील उभा असतो, म्हणून विश्वास त्याच्यावर ठेवा. बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ड्रायव्हिंग असिस्टचं प्रकरण काढा आणि "मर्यादा" व "इशारा" असे मथळे असलेली पानं वाचा.

तिथे साधारण काय सापडतं? थांबलेली वाहनं यंत्रणेला दिसतीलच असं नाही, विशेषतः जास्त वेगात. समोरून ऊन येत असेल, पाऊस, धुकं, बर्फ असेल तर कॅमेरा चुकू शकतो. लेनचे पट्टे पुसट असतील, दुहेरी असतील, जुने न खोडता नवे मारले असतील तर गाडी भरकटू शकते. तीव्र वळणं, चढाचे माथे, रस्त्याची कामं, टोलनाके, पादचारी, सायकलवाले, दुचाकी, प्राणी. अशी यादी कधीकधी पानच्या पान चालते.

आता ही यादी हातात घेऊन तुमचा रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. यादीतल्या किती गोष्टी तिथे रोज भेटतात? निम्म्याहून जास्त भेटत असतील, तर ही सुविधा तुमच्यासाठी पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच आहे. हा हिशेब करायला पंधरा मिनिटं लागतात आणि तो कुठलाही सेल्समन करून देत नाही.

सोबत बाहेरच्या चाचण्याही बघा. युरो एनकॅप २०२० पासून अशा मदत-यंत्रणांना वेगळी श्रेणी देते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने मार्च २०२४ मध्ये १४ यंत्रणा तपासल्या. गाडी किती छान चालते हे त्यांनी पाहिलं नाही. चालकाचं लक्ष उडालं तर यंत्रणा त्याला भानावर आणते का, हे पाहिलं. ११ यंत्रणांना "वाईट" शेरा मिळाला, दोघींना "काठावर", एकीला "स्वीकारार्ह". "चांगली" एकही ठरली नाही. गाडी निवडताना मी हीच चाचणी आधी बघतो.

पायरी ३: "येणार आहे" ची किंमत शून्य धरा

या क्षेत्रातल्या वचनांचा इतिहास थोडक्यात माहीत असलेला बरा, म्हणजे पुढचं वचन ऐकताना मान डोलावली जात नाही.

निस्सानने २०१३ मध्ये सांगितलं की २०२० पर्यंत स्वयंचलित गाड्या बाजारात आणू. त्याच वर्षी व्होल्वोने जाहीर केलं की २०१७ मध्ये स्वीडनमधल्या योटेबोरी शहरात शंभर ग्राहकांना अशा गाड्या देऊ. तो प्रकल्प पुढे बराच आक्रसला. फोर्डने २०१६ मध्ये म्हटलं की स्टीअरिंगच नसलेली गाडी २०२१ पर्यंत टॅक्सीसेवेत धावेल. २०२१ उलटलं, आणि त्यासाठी ज्या आर्गो एआय कंपनीत फोर्डने पैसा ओतला ती २०२२ मध्ये बंद पडली. आउडीने २०१७ ची ए८ पातळी ३ साठी सज्ज म्हणून मोठ्या थाटात आणली. ती सुविधा ग्राहकाच्या हाती कधी पडलीच नाही, २०२० मध्ये कंपनीने नाद सोडला.

टेस्लाचं प्रकरण सगळ्यात गाजलेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने सांगितलं की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनाला लागणारं सगळं हार्डवेअर असेल, आणि एक व्हिडिओ दाखवला. चालकाच्या सीटवरचा माणूस केवळ कायद्यासाठी बसला आहे, असं त्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं. पुढे एका खटल्यात कंपनीच्याच ऑटोपायलट सॉफ्टवेअरच्या प्रमुखाने साक्ष दिली की तो मार्ग आधी नकाशात बसवलेला होता आणि पार्किंगचा प्रयोग करताना गाडी कुंपणाला धडकली होती. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०१७ संपायच्या आत लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क प्रवास गाडी एकटी करून दाखवेल असं म्हटलं होतं. २०१७ संपलं, तो प्रवास काही झाला नाही. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे बिनचालकाच्या टॅक्सी, रस्त्यावर असतील. टेस्लाची रोबोटॅक्सी सेवा सुरू झाली जून २०२५ मध्ये, ऑस्टिन शहरात, मोजक्या गाड्यांनिशी, आणि शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. दरम्यान २०२४ मध्ये 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या नावापुढे कंसात 'सुपरवाइज्ड' म्हणजे "देखरेखीखाली" असं जोडलं गेलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन लोकांनी आठ वर्षं काढली, आणि त्याचं बिल मात्र आगाऊ भरलं.

हे सगळे खोटारडे होते असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास असावा. या कामाचा सोपा भाग भराभर होतो आणि त्यामुळे उरलेलाही होईल असं वाटतं. पट्ट्यांमध्ये गाडी ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, लाल सिग्नलला थांबणं हे यंत्र हजारो उदाहरणांवरून शिकतं. मग रस्त्यात बंद सिग्नलखाली हाताने वाहतूक सांभाळणारा पोलीस येतो. उलट्या दिशेने अँब्युलन्स येते. ट्रकवरची ताडपत्री सुटून डांबरावर लोळत येते. अशी एकेक गोष्ट वर्षातून एकदा दिसते, पण अशा गोष्टी आहेत अगणित, आणि चालकाला सुट्टी द्यायची तर त्या सगळ्या सांभाळता आल्या पाहिजेत. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर चालणारी गाडी दाखवायला उत्तम, झोपायला जीवघेणी.

"पण मी बिनचालकाची टॅक्सी पाहिली आहे!" खरं आहे. गूगलमध्ये २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून निघालेली वेमो ही कंपनी ऑक्टोबर २०२० पासून फिनिक्स परिसरात सामान्य लोकांना बिनचालकाच्या गाड्यांतून नेते, नंतर इतर शहरांतही. पण ती गाडी शहराच्या ठरलेल्या, बारकाईने नकाशा केलेल्या हद्दीत चालते. तिच्यावर लिडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र), रडार आणि कॅमेऱ्यांचा मोठा ताफा असतो, अडली तर दुरून सल्ला देणारी माणसं असतात, आणि तिची निगा कंपनी राखते. ती विकत मिळत नाही. तिच्याकडे बघून तुमच्या गाडीचा अंदाज बांधू नका.

तेव्हा नियम सोपा ठेवा. ज्या सुविधेच्या वर्णनात "लवकरच", "अपडेटने", "मंजुरी मिळाल्यावर" असे शब्द आहेत, तिची किंमत शून्य धरून गाडी घ्यायची की नाही ते ठरवा. पुढे ती मिळाली तर बोनस.

पायरी ४: गाडीला काय दिसत नाही ते शिका

इथे थोडं थांबू, कारण जीव वाचवणारा भाग हाच आहे.

पहिली जागा म्हणजे पुढच्या गाडीची आड. समजा ताशी १०० किलोमीटरने चालला आहात. या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. पुढे एक उंच व्हॅन आहे, तुमची गाडी तिच्या मागोमाग निमूट चालली आहे. व्हॅन अचानक शेजारच्या लेनमध्ये जाते. तिच्या आड एक बंद पडलेला ट्रक उभा होता, तो आता ६० मीटरवर आहे. यंत्रणेच्या दृष्टीने समोरची गाडी गेली, रस्ता मोकळा झाला, म्हणून काही गाड्या या क्षणी वेग वाढवतात. तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी या वेगाची गाडी थांबायला साधारण ४० मीटर घेते. म्हणजे कळायला आणि पाय ब्रेकवर जायला उरतात २० मीटर, पाऊण सेकंद. हात मांडीवर आणि डोळे स्क्रीनवर असतील तर हे गणित सुटत नाही.

उभा ट्रक दिसत का नाही? रडारला हलणारी वस्तू वेगळी काढणं सोपं जातं. पण रस्त्याकडेचे खांब, फलक, वरचे पूल, हे सगळे थांबलेलेच असतात आणि त्यांचेही प्रतिध्वनी येतात. प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात थांबलेल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायचं असा तोडगा कित्येक यंत्रणांत काढलेला असतो. कॅमेऱ्याची अडचण वेगळी. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक गेला. ट्रेलर पांढरा होता, मागे लख्ख आकाश. नाण्याची दुसरी बाजू म्हणजे मोकळ्या रस्त्यात विनाकारण बसणारा ब्रेक. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षा खात्याने अशा ३५४ तक्रारींवरून टेस्लाच्या गाड्यांची चौकशी सुरू केली. मागून भरधाव गाडी येत असेल तर हा भास तुम्हाला महागात पडू शकतो.

दुसरी जागा म्हणजे जिथे रस्ता दुभंगतो. मुख्य रस्ता सरळ, एक फाटा बाजूला, मधे रंगवलेला त्रिकोण आणि त्याच्या टोकाला काँक्रीट. एका बाजूचा पट्टा पुसट असेल तर यंत्रणेला तो त्रिकोणच लेन वाटतो. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये नेमकं हेच होऊन एक चालक दगावला. त्याच्या फोनवर त्या वेळी गेम चालू होता, असं तपासात निघालं.

तिसरी जागा रस्त्याच्या कामांची. २९ मार्च २०२५ ला चीनमधल्या आनह्वेई प्रांतात शाओमीची एसयू७ गाडी मदत-यंत्रणेवर ताशी ११६ किलोमीटरने चालली होती. पुढे कामासाठी लेन बंद करून वाहतूक वळवलेली. गाडीने इशारा दिला, चालकाने ताबा घेतला, आणि काही सेकंदांतच ताशी ९७ किलोमीटरला गाडी काँक्रीटवर आदळली. तिघी तरुणींचा जीव गेला. यंत्रणेने इशारा दिला, माणसाने प्रतिसादही दिला, तरी वेळ पुरला नाही. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने जाहिरातींतल्या "स्वयंचलित", "स्मार्ट ड्रायव्हिंग" अशा शब्दांना लगाम घातला.

पातळी ३ साठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ नुसार ताबा घ्यायला बोलावल्यावर माणसाला साधारण दहा सेकंद मिळावे लागतात. पातळी २ मध्ये तुम्हाला एक सेकंदही द्यायला कुणी बांधील नाही. जिथे वरच्या तीनपैकी काही दिसेल तिथे यंत्रणा आधीच बंद करा, तिने हात वर करायची वाट बघू नका.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

सेल्समन नेईल तो रस्ता यंत्रणेचा पाठ झालेला असतो. तुम्ही रोज जाता तिथे न्या, जमलं तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. हे पाहा:

यंत्रणा बंद पडताना सांगते कशी? काही गाड्यांत स्टीअरिंगचं हिरवं चिन्ह गुपचूप राखाडी होतं, बारीकसा "टिंग" होतो आणि संगीत चालू असेल तर तोही ऐकू येत नाही. चांगल्या यंत्रणा स्टीअरिंग थरथरवतात, आवाज मोठा करतात. माझ्या मते सगळ्या टेस्ट ड्राइव्हमध्ये बघायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

लक्ष कशाने ठेवते? फक्त स्टीअरिंगवर हात जाणवतो का, की कॅमेऱ्याने डोळे बघते? कॅमेरा असलेला बरा. हात स्टीअरिंगवर ठेवून नजर फोनवर असू शकते.

ब्रेकला पाय लावल्यावर काय काय बंद होतं? काही गाड्यांत वेगाचं नियंत्रण सुटतं पण लेन सांभाळणं चालूच राहतं. काहींत दोन्ही सुटतं. स्टीअरिंग जरा फिरवलं तर गाडी ऐकते का, झटापट करते का, की सगळंच सोडून देते? हा घोळ शोरूमच्या आवारात मिटवून घ्या.

आणि प्रतिसादच दिला नाही तर शेवटी गाडी काय करते? लेनमध्येच थांबते की कडेला घेते? हे करून बघू नका, विचारा. आणि उत्तर मॅन्युअलमध्ये दाखवायला सांगा.

पायरी ६: पहिला महिना

घरी आणल्या दिवशी सगळं एकदम चालू करू नका. पहिले काही दिवस नुसता अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) वापरा, स्टीअरिंग स्वतःकडे ठेवा. गाडी कुठे उशिरा ब्रेक लावते, मधे कुणी घुसलं की काय करते, हे अंगवळणी पडू द्या. मगच लेन सांभाळणारी सोय, तीही ओळखीच्या रस्त्यावर आणि दिवसा. आपोआप लेन बदलणं सगळ्यात शेवटी. मी तर ते वापरूच नका म्हणेन. इंडिकेटर देऊन आरशात बघायला असे काय कष्ट पडतात?

शिकाऊ चालकाशेजारी बसलेला प्रशिक्षक जसा पाय ब्रेकवर ठेवून बसतो, तसं तुम्हाला बसायचं आहे. पण तो प्रशिक्षक घाबरलेला असतो म्हणून जागा असतो. तुमची अडचण अशी की यंत्रणा दिवसेंदिवस नीट चालते आणि भीती गळून पडते. नुसतं बघत बसणं हे मेंदूला चालवण्यापेक्षा अवघड जातं, तो लगेच दुसरीकडे पळतो. म्हणून यंत्रणा चालू असताना फोन हाताशी नसावा, आणि पेंग येत असेल तर यंत्रणा बंद करून गाडी थांबवावी. "झोप येतेय, ऑटोवर टाकतो" हे सगळ्यात धोकादायक वाक्य आहे.

काही बारीक कामं, जी कुणी सांगत नाही. आरशामागची काच स्वच्छ ठेवा, बहुतेक गाड्यांत मुख्य कॅमेरा तिथेच असतो. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्या आणि त्याची पावती ठेवा. बंपरवर जिथे रडार आहे तिथे स्टिकर, जाड रंग, शोभेची पट्टी लावू नका. घरात आणखी कुणी गाडी चालवत असेल तर त्यालाही हे सगळं समजावून सांगा. नाहीतर एक दिवस ती व्यक्ती "गाडी आपली आपण थांबते ना" या भरवशावर बसेल.

सॉफ्टवेअर अपडेट आलं की त्याची टिपणं वाचा. अपडेटने गाडी सुधारते तशी बदलतेही. काल जिथे थांबत होती तिथे आज थांबेलच असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये टेस्लाला ३,६२,७५८ गाड्यांचा रिकॉल (दोष काढण्यासाठी गाड्या परत बोलावणं) करावा लागला, कारण एफएसडी बीटा, म्हणजे 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'ची चाचणी आवृत्ती, काही चौकांत पूर्ण न थांबता पुढे जात होतं. डिसेंबर २०२३ मध्ये वीस लाखांवर गाड्यांचा रिकॉल झाला, ऑटोपायलट चालकाचं लक्ष पुरेसं राखत नाही म्हणून. दोन्ही दुरुस्त्या घरी उभ्या गाडीत इंटरनेटवरून झाल्या. त्यामुळे मोठ्या अपडेटनंतरचे पहिले काही दिवस गाडी नवीन आहे असं धरून चालवा.

अपघात झालाच तर यंत्रणा चालू होती का, किती वेगावर लावली होती, कुठला इशारा आला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. गाडीत साठलेला डेटा मिळावा अशी लेखी मागणी करा आणि विमा कंपनीला सगळं खरं सांगा. "गाडीने केलं" म्हणून सुटका होत नाही. २०१९ मधल्या फ्लोरिडातल्या एका अपघातात चालक पडलेला फोन उचलायला वाकला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीतल्या ज्यूरीने ३३ टक्के दोष टेस्लावर ठेवून सुमारे २४.३ कोटी डॉलर भरायला सांगितले. कंपनीने निकालाला आव्हान दिलं. मथळ्यात तो आकडा आला, पण उरलेला दोन तृतीयांश दोष चालकाच्या माथी होता.

पायरी ७: पैशाचा हिशेब

आणीबाणीचा ब्रेक आणि अॅडॅप्टिव्ह क्रूझ यांच्यासाठी पैसे द्यावेत, हात आखडता घेऊ नये. लेन सांभाळणारी सोय बहुतेक वेळा त्यांच्यासोबतच येते. त्यावरच्या महागड्या पॅकेजचा विचार मात्र वेगळा करा.

एकरकमी घेऊ नका. टेस्लाचं एफएसडी अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलरला गेलं, पुढच्या वर्षी १२,००० ला आलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० ला. ज्यांनी वरच्या भावात घेतलं त्यांना फरक कुणी परत दिला नाही. शिवाय सॉफ्टवेअर पुढे गेलं की जुना संगणक मागे पडतो. जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनी मान्य केलं की ज्यांनी एफएसडी विकत घेतलं आहे त्यांच्या 'हार्डवेअर ३' हा जुना संगणक असलेल्या गाड्यांत संगणक बदलावा लागेल. म्हणजे "सगळं हार्डवेअर आत्ताच आहे" या वाक्यावर घेतलेली गाडी पुरी पडली नाही. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी इथे उलटी लागू होते: पैसे आज रोख, सुविधा उद्या उधार.

मासिक सबस्क्रिप्शन असेल तर तेच घ्या, लांबच्या प्रवासाच्या महिन्यात. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: गाडी विकली तर पॅकेज नव्या मालकाकडे जातं का, कंपनीने सेवा बंद केली तर काय, आणि हार्डवेअर बदलायची वेळ आली तर खर्च कोणाचा. वापरलेली गाडी घेत असाल तर जाहिरातीत "फुल सेल्फ-ड्रायव्हिंगसह" असं लिहिलं असलं तरी गाडीच्याच स्क्रीनवर ते सध्या चालू आहे का बघा, आणि व्यवहाराच्या कागदावर तसं लिहून घ्या. काही सुविधा जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेल्या असतात आणि नाव बदललं की जातात. सबस्क्रिप्शन चाचणीपुरतं घेतलं असेल तर ते आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून रद्द करायची तारीख घेतल्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.